उबेची नोंद

फ्रेझ्नोच्या आकाशात मी डावीकडे बसते.
उजवीकडे हाराच. तो उडवतो, मी बघते,
कामाची वाटणी एवढीच.
मांडीवर पडदा, कानात चार रेडिओ
आणि खाली हे शहर,
जे रंगांत मला फार कमी दिसलंय.

कॅमेऱ्याला ऊब कळते, बाकी काही नाही.
नुकती थांबलेली गाडी पांढरी,
मांजर पांढरं, बेकरीचं धुराडं पांढरं,
माणूस पांढरा, मग तो कुणीही असो.
हे वाक्य मी शाळांमध्ये सांगते,
आणि दर वर्षी कुठल्या तरी बाई टाळ्या वाजवतात.

ऑगस्टात ते वाक्य लटकं पडतं.
रात्री अकरालाही डांबर अंगाइतकं तापलेलं.
रस्ता, भिंत, पत्रा, देह एकाच तापात,
कोण कुठे संपतं ते कळत नाही.

अशाच रात्री यूआ शाँग घरातून निघाली.
वय एक्क्याऐंशी, पायांत नातवाच्या सपाता.
सून फोनवर म्हणाली,
तिला वाटतं डोंगर इथेच आहेत, त्या पेट्रोल पंपामागे.
आम्ही कालव्यापासून सुरुवात केली.
नेहमी कालव्यापासूनच करतो.
का, ते घरचे कधी विचारत नाहीत.

चाळीस मिनिटं घाण्याच्या बैलासारखं फिरलो.
एक कुत्रा, दोन चुंबनं, एक पेटती शेगडी.
हाराच इंधनाच्या काट्याकडे बघून काही बोलला नाही,
म्हणजे बोललाच.

मग शहर विरळ होतं तिथे
पडद्यावर एक काळा चौकोन आला.
कुणीतरी संध्याकाळी पाणी सोडलं होतं.
गवती चहाचे वाफे, चवळीचे मांडव, कारली,
ओली माती गार, म्हणून काळीभोर,
आणि त्या काळ्यात एक वाकलेली पांढरी रेघ.
हलत होती.
मी भिंग मोठं केलं.
तण उपटत होती म्हातारी,
दुसऱ्याच्या शेतात, मध्यरात्री, मन लावून.

प्रकाशझोत टाकायचा असतो अशा वेळी.
माझा अंगठा बटणावर होता.
हाराचने न विचारता यंत्र वर नेलं, लांब नेलं.
हा आवाज तिने आधी कुठल्या डोंगरात ऐकला असेल,
आणि त्यानंतर काय झालं असेल,
ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.
खालच्या गाडीला म्हटलं, भोंगा नको. सुनेला पुढे चालू द्या.

त्याच रात्री ओडेसा प्रूइटबाईंनी तीनदा फोन केला.
नातीला दमा आहे, आत्ता कुठे डोळा लागला होता,
तुमचा पंखा माझ्याच छपरावर का?
तक्रार नोंदवली. बाई खरंच बोलत होत्या.

आठवड्याने हँगरच्या फाटकाला पिशवी अडकवलेली,
आत गवती चहाची जुडी, चिठ्ठी नाही.
हाराचने ती कॉफीच्या बरणीत, पाण्यात ठेवली.
तिला मुळं फुटली. आता फेकवत नाही.

हे सगळं मी मार्चमध्ये चौथीच्या वर्गाला सांगितलं.
यंत्र मैदानात उतरवलेलं, मुलांची रांग.
नेमेसिओ नावाचा मुलगा माझ्या जागेवर बसला,
हेल्मेट नाकापर्यंत आलेलं.
त्याने विचारलं, "माझा भाऊ दिसला होता का तुला?
नाताळाआधी. ट्रकखाली."

दिसला होता.
गारठा होता त्या रात्री, चित्र लख्ख होतं.
"एक व्यक्ती, स्थिर, मागच्या चाकापाशी,"
असं मी म्हटलं होतं,
म्हातारीसाठी वापरला त्याच आवाजात.

"हो," म्हटलं. "दिसला होता."
"घाबरला होता?"
"ते पडद्यावर येत नाही."

तो बराच वेळ बटणं मोजत राहिला.
मागे रांग कुरकुरू लागली.
मी हेल्मेटचा पट्टा एक घर आवळला,
तेव्हा बोटं त्याच्या हनुवटीला लागली.
चांगलीच गरम होती.
ताप असावा.
बाईंना सांगितलं, घरी कळवा.