बोलीवरून

वसमतच्या बसस्टँडमागं, सहा बाय आठच्या दुकानात
मोईज मोडेम उघडून बसलाय.
डेअरीच्या काट्यावरचा. रात्री दोनला मरतो,
दूध यायच्या आत आपोआप उठतो.

नाव विचारलं तर कंपनीचं सांगतो.
आतलं विचारलं, तर नुसतं ओके.

तीन तारा टोचल्या. पडद्यावर आधी कचरा,
चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं.
वेग बदलला. परत कचरा.
एक लाख पंधरा हजार दोनशेला
अक्षरं एकदम सरळ झाली.

"लिनक्स," मी म्हणालो, घाईनं.
"तो ओट्यावरचा. पाव्हण्यांशी बोलायला ठेवलाय.
घर चालवणारा आत आहे."

आमच्याकडं 'करायलास' ऐकलं की परभणी,
'करलालास' ऐकलं की उदगीर,
आधार कार्ड लागत नाही.
मोईज तसाच ऐकत राहिला
आतून सांडलेली मेमरी, ओळ न् ओळ:
रिकाम्या बसलेल्या कामाला हे काय म्हणतात,
मरताना शेवटचा शब्द कोणता टाकतात.

चहा गार झाला. डेअरीचे ढगे दोनदा डोकावून गेले.

"लागला पत्ता?"
"गाव कळलं," तो म्हणाला,
चिकटपट्टीवर काहीतरी लिहून
पुढं प्रश्नचिन्ह काढत,
"घर नाही अजून."