ऐंशी मिलिमीटर

सित्रा बेटावर, टायरच्या वखारीमागे आमची प्रयोगशाळा.
बाहेर सेहेचाळीस, आत तेवीस.
तेवीसच हवेत. मशीनला उकडलं
की ते खोटं बोलतं, म्हणतात अब्बास साहेब,
आणि स्वतः शाल पांघरून बसतात.

सकाळी गुल जमान पिकअप लावतो.
मागे सळ्या, सोळा मिलिमीटरच्या, तीन कारखान्यांच्या,
प्रत्येक जुडीला वेगळ्या रंगाची चिंधी.
पुलावरच्या खाऱ्या वाऱ्याने वाटेतच
त्यांच्यावर मोहरीएवढे तांबूस ठिपके.

मी सळीवर दोन खुणा करतो.
मधलं अंतर ऐंशी मिलिमीटर.
आमची जबाबदारी तेवढीच.
उरलेली सळी कुठून आली,
कुणाच्या छतात निजेल,
ते दुसऱ्या कुणाचं काम.

जबडे आवळतात.
मापक चिमट्याची दोन पाती खुणांवर,
डासाच्या पायांसारखी.
पाच टन.
म्हणजे आमच्याकडचा चिऱ्यांचा भरला ट्रक
या बोटभर जाडीला टांगलेला.
आणि सळी लांबते किती?
वहीच्या एका पानाच्या जाडीइतकी.
ओझं काढा, पान मिटतं.
ऐंशीची पुन्हा ऐंशी.

कुडाळच्या शाळेत तळवडेकर सरांनी विचारलं होतं:
जास्त स्थितिस्थापक कोण, रबर की पोलाद?
चाळीस जण एका सुरात: रबर!
सरांनी औषधाच्या पुडीचं रबर काढून ताणलं,
ते तुटून त्यांच्याच चष्म्यावर बसलं.
“सहज ताणलं जातं ते नव्हे रे.
जे मुळात ताणू देत नाही,
आणि दिलंच, तर पुरतं परत येतं, ते.”
पुस्तकात लांबीतल्या फरकाला विकृती म्हणत.
मागच्या बाकाला तो शब्द वर्षभर पुरला.

पडद्यावर रेघ चढते.
पहिल्या कारखान्याची, मग दुसऱ्याची
आणि तिसऱ्याची, स्वस्त म्हणून मागवलेली,
तीही त्याच चढाने,
एकामागे एक त्याच पायवाटेवरून.
सुरुवातीला सगळं पोलाद सारखंच ताठ.
महागाचं असो, भंगार वितळवून केलेलं असो.
चढावरून काही कळत नाही.
कळतं ते कुठे ढिलं पडतं त्यावरून.
हे बिजोयला सांगितलं तर म्हणाला,
लग्नाआधी सांगायचंस की.

तिसरी आठ टनांतच नमली.
रेघ थरथरली, आडवी झाली.
आता ओझं काढलं तरी ऐंशी नाही.
संध्याकाळी कंत्राटदाराचा फोन येईल:
“पण चढ तर बरोबर आहे ना?”
मी म्हणेन, चढ बरोबर आहे.

मग मध्येच कुठेतरी ती बारीक होत जाते.
त्या जागेला आम्ही मान म्हणतो.
मग आवाज.
पावतीसाठी थांबलेला गुल जमान दचकून उठला,
खालचा तुकडा मशीनमधून सुटून
त्याच्या चपलेपाशी घरंगळला होता.
त्याने उचलला, लगेच दुसऱ्या हातात घेतला.
तापलाय हा. कुणी तापवला?
कुणीच नाही, मी म्हटलं. तुटताना होतं तसं.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तुकड्याकडे,
आणि खुर्चीत बसून ती ऊन मान
डाव्या गुडघ्यावर दाबून धरली.
क्लच मारून मारून गेलेला गुडघा.
डोळे मिटले.
अब्बास साहेबांनी घड्याळ पाहिलं, बोलले नाहीत.

निवल्यावर मी हात पुढे केला.
नियम असा आहे की
तुटल्यावर दोन्ही तुकडे एकमेकांना लावायचे,
मध्ये फट न ठेवता,
आणि खुणांमधलं अंतर पुन्हा मोजायचं.
लावले.
एक जबड्यातला, एक गुडघ्यावरचा.
बिजोयने कॅलिपर टेकवला,
मी श्वास धरून हात स्थिर ठेवले.

शहाण्णव पूर्णांक चार.