एक सुलट, एक उलट

अप्पा बळवंत चौकातून आणले पत्ते,
दहावीच्या गाइडांमागून. अठ्ठ्याहत्तर.
दुकानदार म्हणाला, परत घेणार नाही.

रोज एक काढते, वहीत लिहिते.
सोमवार: आठ तलवारी, बांधलेली बाई, डोळ्यांवर पट्टी.
दिवसभरात काही झालं नाही. गॅस संपला.

उलटा पडला की अर्थ फिरतो म्हणे.
एवढं कळतं मला. जन्मभर स्वेटर विणले,
एक सुलट, एक उलट,
पण चुकलं तर उसवता यायचं.

काल वरच्या मजल्यावरची ऋजुता आली.
काकू, आमचं टिकेल का?
एक पत्ता ओढला तिने, पालथा.
मी चष्मा शोधला, पुस्तकात पान शोधलं,
तोवर ती रडून, चहा पिऊन गेलीसुद्धा.

रात्री पोळपाट उचलताना दिसला पत्ता,
पाठीवर पीठ.
झटकलं.
सुलटा केला नाही.