सदुसष्टचा बंपर

सलमाबादच्या आठव्या गल्लीत, दुपारी दोनला
पत्र्यावर हात ठेवला तर कातडं तिथंच राहायचं.
तिथं शटरच्या आत, ओल्या गोणपाटाच्या सावलीत
अब्दुलनबीची एमजी: हिरवी, दोन माणसांची,
आणि पुढून बोळकी.

बंपर खाऱ्या हवेत गेले.
इथला समुद्र लाट घेऊन येत नाही,
नुसता श्वास टाकतो रात्रभर
आणि सकाळी क्रोमवर देवीचे व्रण.

मी हुपरीचा. आमच्याकडे चांदीचं पाणी चढवतात
पैंजणांवर, जोडव्यांवर. वडील म्हणायचे,
मुलामा लबाड नसतो, घाई लबाड असते.
ते बंपर घासायला मीच घेतले होते.
पहिल्याच फिरकीला क्रोम उडालं,
खाली निकेल,
आणि निकेलखाली लोखंड नव्हतंच,
तपकिरीसारखा भुगा होता.
बेबीचन डेंटरनं त्यातनं बोट आरपार घालून दाखवलं
आणि हसला. मालक हसला नाही.

मग शोध.
मुहर्रकच्या भंगारात मोतालेबनं
काळ्या रबराचा बंपर ओढून काढला,
चौऱ्याहत्तरनंतरचा. "असली है, भाई."
सित्र्यात एका मच्छीमाराच्या दारात दिसला एक,
त्यावर जाळी वाळत घातलेली.
मापानं बरोबर, ओव्हररायडरसकट.
पण तो म्हणाला, मग जाळी कुठं घालू?
खरंच. कुठं घालणार?
दम्मामला एक होता, तो फोटोतच होता.

मालकाचे वडील, हाजी मक्की, रोज खुर्ची टाकून बसत.
अवालीला तेल कंपनीतल्या एका गोऱ्या साहेबाचे ड्रायव्हर.
एकाहत्तरला साहेब गेला,
तीन महिन्यांचा पगार बुडवून, किल्ली ठेवून.
त्यांच्या तोंडून गाडीचं कौतुक मी कधी ऐकलं नाही.
एकदाच म्हणाले,
मला पैसे चालले असते.

शेवटी विलायतेहून मागवला.
कॉव्हेंट्रीचा पत्ता, एकशे नव्वद दिनार,
वर कस्टम, वर सहा आठवडे.
पाच फुटी खोका, आत माणूस निजवावा तसा.
फोम काढला, प्लास्टिक काढलं,
आणि मग वर्तमानपत्र.
मराठी.

कोल्हापूर आवृत्ती, पान सात.
जयसिंगपूरला मंडईत पार्किंगवरून बाचाबाची.
नावात बदल: मी, सुनंदा आण्णासो चौगुले, यापुढे...
पुढचं फाटलेलं, त्यामुळे त्या बाई यापुढे कोण
ते मला कळणार नाही.
बंपरच्या पाठीवर, बोल्टच्या भोकाजवळ
निळा शिक्का: शिरोली एमआयडीसी.
आमच्या घरापासून मोटारसायकलनं अर्धा तास.

म्हणजे हा साहेबाच्या देशाला जाऊन
भाव वाढवून आलेला.
मीही आलो इथं, पण सरळ आलो,
म्हणून असेल.

मालकाला सांगितलं नाही.
तोवर त्यानं बंपरमध्ये तोंड बघितलं होतं:
गाल रुंद, कपाळ बुटकं,
मागे आख्खी गल्ली ओठासारखी वाकलेली.
हाजी मक्कींनी अंगठा फिरवला
या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.
"गुळगुळीत आहे," म्हणाले.
तक्रार की शाबासकी, कळलं नाही.

रात्री पान सात खोलीवर आणलं.
मागच्या बाजूला शब्दकोडं, पेन्सिलीनं अर्धं सोडवलेलं,
पॅकिंगच्या पोरानं, जेवणाच्या सुट्टीत असणार.
उभे चार: नदीकाठचं झाड, तीन अक्षरी.
त्यानं लिहिलं होतं करंज.
पण मग आडवे सहा, जुन्या इतिहासाची नोंद,
'रंखर' होते.

खोडरबर कुठलं असायला.
अंगठ्याला थुंकी लावून पुसलं,
पॉलिशचा काळा डाग उमटला.
त्यावरच लिहिलं,
उंबर.