बिलात नसलेली ओळ

तापकीर गल्लीतून बोर्ड घेतो, रॅम घेतो,
कॅबिनेट स्कूटरवर पायांत धरून
पासोड्या विठोबापाशी वळतो.
धनकवडीला पोचेपर्यंत
एखादा स्क्रू कुठेतरी सांडलेला असतोच.

जोडणं सोपं आहे.
प्रोसेसरचा सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी,
वर वाटाण्याएवढी पेस्ट.
पंखा फिरला की अजूनही मला
पोळी फुगल्यासारखं वाटतं.

मग गिऱ्हाईक विचारतं,
"विंडोज तुमच्याकडचंच टाकाल ना?"
तुमच्याकडचंच.
जणू मी ते घरी विरजण लावून करतो.
किंमत सांगितली की हसतात.
"अहो, मागच्या वेळी पुतण्यानं फुकट टाकून दिलं."
कीबोर्डची कळ दहादा दाबून पारखणारी ही माणसं,
पण जे हातात येत नाही
त्याचे पैसे म्हणजे त्यांना
हवेचं भाडं वाटतं.

आणि मीही बारा वर्षं मान हलवली.
त्या पेन ड्राइव्हला लाल दोरा बांधला होता,
घाईत ओळखू यावा म्हणून.
बिलात लिहायचो: जोडणी, चाचणी, इतर.
ते 'इतर' म्हणजे मी.

रात्री साडेदहाला फोन.
आवाज येत नाही. (स्पीकरची पिन निघालेली.)
प्रिंटर रुसलाय.
नातवानं काहीतरी दाबलं.
शेवटी एकच वाक्य,
"तुम्हीच बनवलाय ना?"
यावर हमीचा कागद काय बोलणार.

दमयंती उकिडवे, शनिवार पेठ, तिसरा मजला.
घरी बसून टायपिंग: पत्रिका, स्मरणिका, लोकांचे प्रबंध.
त्यांच्या मशीनमध्ये मराठी फॉन्ट मी टाकलेले,
कुलूप काढून.
मार्चमधल्या एका रात्री मशीननं स्वतःला नवं करून घेतलं.
सकाळी दोनशे ऐंशी पानांत
ळ च्या जागी चौकोन,
क्ष च्या जागी प्रश्नचिन्ह,
जोडाक्षरं उसवलेली.

त्यांनी कंपनीला फोन लावला.
पलीकडचा मुलगा अदबीनं म्हणाला,
"मॅडम, परवाना क्रमांक सांगता?"
बाईंनी माझं बिल काढलं, चष्मा लावला,
आणि तळाशी छापलेला क्रमांक
एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला.
माझा मोबाइल नंबर.
"हा आमच्याकडे नोंदलेला नाही," तो म्हणाला.

हे मला सांगताना त्या चिडल्या नाहीत.
चहा ठेवला.
मग म्हणाल्या, "म्हणजे इतक्या मुलींच्या पत्रिका
मी चोरीच्या अक्षरांत केल्या?"

मी स्क्रीनकडे बघत राहिलो.
एक ळ तेवढा शाबूत होता, शीर्षकात.
त्याची दोन्ही पोटं कुणीतरी बसून काढली असणार,
खोडली असणार, पुन्हा काढली असणार.
त्या माणसाला पगार कोण देतं
हे मी बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

परवाना माझ्या पैशानं घेतला.
दुकानदारानं विचारलं, कुणाच्या नावावर?
उकिडवे, दमयंती.
चार रात्री बसून पानं दुरुस्त केली.
आता तो कागद त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय,
दुधाच्या हिशेबाशेजारी.

हल्ली बिलात 'इतर' नाही.
परवाना गिऱ्हाइकाच्या नावे, किंमत वेगळी.
मदत एक वर्ष, सकाळी दहा ते संध्याकाळी सात.
पाचातले दोघं उठून जातात.
पुतणे सगळ्यांनाच आहेत.
आणि फोन अजूनही साडेदहालाच येतो.

तो पेन ड्राइव्ह टाकून दिला असं सांगायला आवडलं असतं.
दोरा तेवढा सोडला.
खणात तो आता इतर आठ-दहांसारखाच दिसतो,
शोधायचाच म्हटला
तर एकेक लावून बघावा लागेल.