पाचशे तीस ग्रॅम

नकाशा नातीच्या जुन्या अ‍ॅटलासातून कापलेला,
कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.
बाहेरून लावला असता
तर आल्यागेल्याला सांगावं लागलं असतं
की आबकारीतला हा निवृत्त बडे बाबू
अमेरिकेची राज्यं हिरव्या पेन्सिलीनं का रंगवतो.

रविवारी शाल्मलीचा फोन येतो, कॅन्ससहून.
तिच्या घराजवळ एक रस्ता आहे, नावच सीमारेषा.
पलीकडच्या फुटपाथवर गांजाचं दुकान,
काचेचं दार, पक्की पावती, वर कर.
अलीकडच्या फुटपाथवर तीच पुडी खिशात निघाली
तर पोलीस.
"चाळीस पावलं फक्त, बाबा," ती हसते.
मी आकडा टिपून ठेवतो. सवय.

किती हळू चाललंय सगळं.
मिसुरी झालं. ओहायो झालं.
साउथ डकोटा हो म्हणालं, मग कोर्ट नाही म्हणालं;
रंगवलेलं खोडलं, तिथं कागद खरखरीत झालाय.
फ्लोरिडात शंभरातले छप्पन्न हो म्हणाले,
साठ हवे होते.
चार माणसांपायी अख्खं राज्य पांढरं.
कुठे समिती बसलीये, कुठे राज्यपालांची सही अडलीये,
आणि वॉशिंग्टनातली मोठी फाइल
या टेबलावरून त्या टेबलावर.
ते मला कुणी समजवायला नको.
ग्वाल्हेरच्या मोतीमहालात बत्तीस वर्षं
मी त्यातलंच एक टेबल होतो.

पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात कायदा आला
आणि एका झाडाचे दोन भाग झाले.
पान म्हणजे भांग, तिला ठेका, दुकान, शिवरात्रीला रांग.
फूल म्हणजे गुन्हा.
देठ एकच. वाऱ्यावर हलायचे ते बरोबरच हलायचे.
शाल्मलीचा तो रस्ता
आमच्याकडे झाडातून जातो.

गुलाब बाथम. बिर्लानगरच्या मिलचा रात्रीचा चौकीदार.
मार्च सत्त्याऐंशी.
पाचशे ग्रॅमपर्यंत सहा महिने, फार तर.
वर गेलं की वर्षं.
तराजू माझ्याकडे होता.
पिशवीत फुलं होती, पानंही होती, बऱ्यापैकी.
पानं निवडून काढा असं कुणी म्हणालं नव्हतं.
काढू नका, असंही नाही.
तो म्हणाला, "बाबूजी, पत्ते तो हटा दो."
दीड वाजला होता. डब्यात शेवग्याची आमटी होती.
मी ओतलं तसं तोललं.
पाचशे तीस.
अक्षर फार सुरेख होतं माझं तेव्हा,
साहेब नव्या पोरांना दाखवायचे.

चार वर्षं झाली त्याला.
सुटून आला तेव्हा मिल आचके देत होती, मग तीही बंद पडली.
एकदा हजिऱ्याला चौकशी केली.
चहावाल्यानं विचारलं, कौनसा गुलाब?
मला बापाचं नाव पाठ होतं, ठाणं, कलम, तारीख पाठ होती.
चेहरा सांगता येईना.

परवा शाल्मली म्हणाली,
मिसुरीत आता जुन्या शिक्षा पुसतात.
कोर्टात माणसं बसवलीयेत, खोकी उघडून
एकेक नाव शोधतात आणि खोडतात.
काम संपत नाही, मुदत केव्हाच उलटली.
"कोण माणसं?" मी विचारलं.
"कारकून, बाबा. तुमच्यासारखे."
मग बराच वेळ फोनवर
फक्त तिच्याकडल्या पंख्याचा आवाज येत होता.

हल्ली मेथी निवडायला मीच बसतो.
पान इकडे, देठ तिकडे, कोवळा देठसुद्धा तिकडे.
सुलभा म्हणते, अहो, एवढं काटेकोर कशाला, भाजीच तर आहे.
काल तिचा स्वयंपाकाचा काटा घेतला
आणि तीस ग्रॅम पानं तोलून पाहिली.
एका मुठीत मावतात.
मूठ मिटून तसाच बसून राहिलो,
तर ती म्हणाली, द्या इकडे,
कढई तापलीये.