साडेतीन ते पाच

रुवीच्या आवारातला हॉल आम्हाला मिळतो
शुक्रवारी साडेतीन ते पाच.
आधी तमिळ मंडळी, नंतर फिलिपिनो.
त्यांच्या गिटारी दाराशी येऊन थांबल्या
की आमचा आशीर्वाद घाईत उरकतो.

शांतवन लोंढे खुर्च्या मांडतात,
मोजून बेचाळीस, मग दाराजवळ एक.
ती कुणाची, विचारलं तर म्हणतात,
"येईल की."

परवा आला. बुटांवर सिमेंट,
गळ्यात कंपनीचं कार्ड,
उंबऱ्याबाहेरच उभा.
"मी तुमच्यातला नाही," म्हणाला,
"परभणीकडचा. रस्त्यानं चाललो होतो,
कुणीतरी म्हणालं, अगं बाई, डबा विसरले."

विसरले होते ती मीच.

शास्त्रपाठ चालू होता.
तो मान खाली घालून ऐकत राहिला,
अर्थ नसावा, नुसते उच्चार.
मग जेवताना सरोजिनीबाईंनी
एका भाकरीचे तीन तुकडे केले,
मला, त्याला, स्वतःला.
खर्डा जिभेवर ठेवला नि त्याचे डोळे भरले.
"तिखट आहे," म्हणाला.
तिखटच आहे, आम्ही म्हणालो.

पाच वाजले होते.
लोंढे दाराशी गेले,
मोडक्या इंग्रजीत पाच मिनिटं मागितली.
गिटारवाल्या पोरानं आत डोकावून पाहिलं,
गिटार भिंतीला टेकवली,
आणि विचारलं, अजून भाकरी आहे का.